डोंगरसिंग पंगतीतून उठला नाही

दिग्रसच्या आसपासच्या दहा-बारा खेड्यांत डोंगरसिंगचं नाव खादाड म्हणून झालं होतं. कोणी आजारी पडलं, दिग्रसच्या डॉक्टरनं हात वर केले, यवतमाळच्याही डॉक्टरनं मान हलवली, की नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मिळायची. चिठ्ठी मिळाली की घरची माणसं आधी बंजाऱ्यांच्या तांड्यावर जाऊन डोंगरसिंगला गाठायची. तो खुंटीवरची पिशवी काढायचा आणि त्यांच्याबरोबर मोटारीत बसायचा. तिकिटाशिवाय काही घ्यायचा नाही. फुकट मदत करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे लोकांना जे वाटतं तेच वाटलं, याचा काहीतरी मतलब असणार! मतलब शोधायला कोणाला फार लांब जावं लागलं नाही. नागपूरहून परतलेले लोक सांगायचे, की या गड्याला तिथली एकूण एक खाणावळ माहीत आहे, कुठं स्वस्त मिळतं, कुठं पोटभर मिळतं, सगळं तोंडपाठ. मग ठरलंच. डोंगरसिंगला नागपुरी खाण्याची चटक लागलीय आणि दुसऱ्याच्या दुखण्यावर तो आपली जीभ पोसतो.

मीही तेच म्हणत होतो. मी गावचा शाळामास्तर. दुपारच्या सुट्टीत ओसरीवर बसून लोकांची उणीदुणी काढायला मला भरपूर वेळ असायचा. डोंगरसिंगचं अंग काटकुळं, गालांना खळगे पडलेले, धोतराच्या काठाला ठिगळ. असा खादाड कुठं असतो का, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

१९६४ च्या पावसाळ्याच्या शेवटी माझ्या बाबांच्या पोटात पाणी झालं आणि चिठ्ठी आमच्या घरी आली. मी मुकाट्यानं तांड्यावर गेलो. ज्याला मी ओसरीवर नावं ठेवली होती त्यानं खुंटीवरची पिशवी उचलली.

नागपुरात पहिल्याच दिवशी त्यानं मला खाण्याचा सगळा नकाशा समजावून दिला.

"मास्तर, मारवाड्याच्या बाश्यात, म्हंजे खानावळीत, बाराच्या आत जा. गरम फुलके देते, मोजत नाई. बारानंतर डाळ पातळ होते. मद्राशाकडं सकाळीच जा, सांबार दोनदा मांगतलं तरी देते. सावजीकडं जासान त नुसती तर्री मांगा, भाकर आपली न्या. दुसऱ्यांदा तर्री वाढते, तिसऱ्यांदा मांगू नका. थो कढई घिऊन अंगावर येते."

सांगितलं तसंच सगळं निघालं. बाश्यातले फुलके इतके मऊ, की हातात धरले तर मोडून पडायचे. आमच्या ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या पोटाला बारा फुलके म्हणजे काहीच नाही. सावजीची तर्री खाल्ली तेव्हा कानातून धूर निघतो की काय असं झालं. माझ्या वडिलांच्या पोटातून डॉक्टर पाणी काढत होते आणि मी नव्या चवींनी खूष होत होतो, हे लिहिताना मला लाज वाटते. पण झालं ते असं झालं.

डोंगरसिंग मात्र माझ्याबरोबर एकदाही आला नाही. मी जेवायला निघालो की तो बाबांच्या खाटेशेजारी येऊन बसायचा. पिशवीतली वाळकी भाकर आणि कांदा काढून खायचा. मी परतलो की उठायचा. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. बाबा झोपले होते. आम्ही दोघं व्हरांड्यात, त्यांची खाट दिसेल अशा जागी टेकलो होतो.

"काहून रे," मी म्हटलं, "गावात त नागपूरच्या खाण्यावर मरते म्हणतात तुले. अन् इथं कांदा-भाकर? जीभ विटली का आता?"

हे मी चेष्टेनं म्हटलं होतं, पण चेष्टेला दात होते. बाबांच्या खाटेवरची नजर न काढता तो बोलायला लागला. पुढचं सगळं त्यानं त्या व्हरांड्यात सांगितलेलं आहे.

त्याची बायको रुपीबाई. १९५७ च्या उन्हाळ्यात तिच्या पोटात गोळा निघाला आणि नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी मिळाली. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखोमुलुख फिरले, पण या दोघांना दिग्रसच्या बाजारापलीकडचं काही ठाऊक नव्हतं. रुपीबाईला गोरबोलीशिवाय, म्हणजे तांड्यावरच्या बोलीशिवाय, दुसरी भाषा येत नव्हती. बाजारात ती बोटांवर भाव करायची. अंगात आरशांची कांचळी म्हणजे चोळी, खाली घेरदार फेटिया म्हणजे घागरा, आणि दंडावर पार वरपर्यंत पांढऱ्या बलिया. बलिया म्हणजे बांगड्याच, पण त्यांच्यात त्यांना आपल्या मंगळसूत्राचा मान. लग्नात चढतात आणि नवरा मेला की उतरतात. मधे उतरत नाहीत. रुपीबाईची तीन बाळंतपणं झाली आणि तिन्ही मुलं गेली, तेव्हाही त्या दंडावरच होत्या.

बायकांच्या वॉर्डात पुरुषांना दिवसभर बसू देत नसत. पण रुपीबाईला काय दुखतं, कुठं दुखतं, हे नर्सबाईला कळायला डोंगरसिंगच लागायचा. म्हणून त्याला दाराशी बसायची मुभा मिळाली. कधीही हाक यायची आणि तो आत जाऊन तिची बोली मराठीत आणि नर्सबाईचं मराठी तिच्या बोलीत सांगायचा.

घरून आणलेल्या भाकरी दोन दिवस पुरल्या. तिसऱ्या दिवशी त्याला जन्मात पहिल्यांदा विकतचं खावं लागलं. तो मद्राशाच्या हॉटेलात शिरला, शेजारच्यानं जे मागवलं त्याच्याकडं बोट दाखवलं आणि इडली खाऊन परत आला. संध्याकाळी रुपीबाईनं विचारलं, "आज काई खादो?" म्हणजे आज काय खाल्लं.

"भाताची भाकर," त्यानं सांगितलं. "वाफेवर उकडलेली. अन् वरून चिंचेचं पाणी."

ती इतकी हसली, की पोट धरून आडवी झाली. नर्सबाई धावत आली. काय झालं म्हणून विचारलं, तर याला सांगता येईना. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती.

त्यानंतर हा त्याचा धंदाच झाला. दर खेपेला नवं दुकान धुंडायचं, सगळ्यात स्वस्त काय ते मागायचं आणि संध्याकाळी तिला सांगायचं. सिंध्याच्या गाडीवर हाताएवढ्या कडक पापडावर डाळ ओतून देतात. बंगाल्याकडं पाकात बुडवलेला कापूस मिळतो, दातात कचकचतो आणि गोड लागतो. मोमीनपुऱ्यात भिंतीतल्या भट्टीत हात घालून रोटी काढणारा माणूस आहे, त्याच्या हातावर एक केस उरलेला नाही. ती डोळे मोठे करून ऐकायची आणि मधेमधे अडवायची. डाळ कशात वाढली? वाढणारी बाई कशी होती? बाई नाही, पुरुषच रांधतात आणि पुरुषच वाढतात, हे तिला काही केल्या पटेना. चुलीपुढं पुरुष बसलेला तिनं फक्त लग्नाच्या स्वयंपाकात पाहिला होता. एवढ्या मोठ्या शहरात रोजच लग्न आहे की काय, असं ती म्हणाली.

तिनं नागपूर पाहिलं ते एवढंच. एक खिडकी, समोरची भिंत आणि नवऱ्याच्या तोंडून आलेलं खाणं.

आठव्या दिवशी दुपारी दोन वाजता तिला आत नेऊन पोट उघडणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. रुपीबाई मरणाला भ्यायली नाही. तिला भीती होती ती एकटं आत जाण्याची. तिथं आपलं बोलणं कोणालाच कळणार नाही, ही गोष्ट तिच्या मनानं घेतली.

"मले नेतीन तवा दारात राहा," ती आपल्या बोलीत म्हणाली. "तुमाले पाहून मी आत जाईन. बस, मले दुसरं काई नोको."

तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यानं कबूल केलं.

ऑपरेशन म्हणून तिला उपाशी ठेवलं होतं. ती उपाशी म्हणून हाही आदल्या दुपारपासून उपाशी. अकरा वाजता तिच्या ते लक्षात आलं आणि ती भडकली. भुक्या पोटानं दारात उभे राहाल, चक्कर येऊन पडाल, मग मी कोणाकडं पाहू? जा आणि जेवून या. शेजारच्या खाटेवर पुलगावची प्रभावतीबाई होती. तिनं पत्ता दिला. दहा मिनिटांच्या वाटेवर एक खाणावळ आहे, घरच्यासारखं पाटावर बसवून पत्रावळीवर वाढतात. इतके दिवस उभ्यानं खात होतात, आज नीट बसून जेवा, असं रुपीबाईनं बजावलं. दोनाला अजून पुष्कळ अवकाश होता. तो गेला.

आता इथं मला थोडं आडवळण घ्यावं लागतं, नाहीतर पुढचं कोणाला पटायचं नाही. पंगतीचा नियम आमच्या गावातही आहे, पण तांड्यावर तो फार कडक. सगळ्यांनी बरोबर बसायचं आणि ओळीतल्या वडीलधाऱ्यानं हात धुतल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मधेच उठणं म्हणजे शेजारी जेवणाऱ्याच्या अन्नात माती टाकणं. डोंगरसिंगच्या बहिणीच्या लग्नात वराकडचा एक जण रुसून पंगतीतून उठला. तिथून जे बिनसलं ते असं, की वर्षाच्या आत बहीण परत आली आणि पुढं ती फार दिवस जगली नाही. तेव्हापासून या गोष्टीचा त्यानं धसका घेतलेला. आणि पत्रावळीवर पडलेलं टाकायचं नाही, हे तर दुधाबरोबर पाजलेलं.

खाणावळीत त्याला आतल्या खोलीत बसवलं. खोली अंधारी, दिवसाही कंदील लावलेला. दोन ओळी समोरासमोर, पाट, पत्रावळी, पाण्याचे गडू. ही तर पंगतच! आठ दिवसांत पहिल्यांदा त्याला ओळखीच्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं. ओळीच्या टोकाला पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता. डोंगरसिंगनं मनातल्या मनात त्यालाच वडीलधारा ठरवलं आणि रामराम घातला. म्हाताऱ्यानं नुसतं बघितलं.

भात, वरण, वांग्याची भाजी, पोळ्या. तो भुकेला होता, भराभर जेवला आणि थांबला. म्हातारा ताकभात चवीनं भुरकत होता. वाढप्यानं याची रिकामी पत्रावळ पाहिली आणि भात वाढला. यानं हात आडवा धरला. वाढप्याला वाटलं गडी लाजतो. "लाजू नका बुवा, पोटभर जेवा," म्हणत त्यानं वरण ओतलं. पडलेलं टाकता येईना, म्हणून यानं ते खाल्लं. तेवढ्यात म्हातारा उठला. डोंगरसिंगही उठायला गेला तर शेजारी नुकताच बसलेला एक टक्कलवाला पहिला घास घेत होता आणि समोरच्या ओळीत तिघं नवे येऊन बसले होते. तो पुन्हा खाली बसला. जो उठेल त्याच्या जागी दुसरा येत होता. अशी पंगत त्यानं कधी पाहिली नव्हती. ही संपणार कधी? त्यानं टक्कलवाल्यावर नजर ठेवली. वाढपी परत आला. पुन्हा भात.

वेळेचं त्याला भान नव्हतं असं नाही. पण त्याला घड्याळ कळायचं नाही, तो वेळ सावलीवर ओळखायचा, आणि त्या खोलीत सूर्यच नव्हता. दर घासाला वाटायचं, आता संपेल, आता उठतील.

"पण अरे, उठायचं ना!" मी व्हरांड्यात जवळजवळ ओरडलोच. मला त्याचा संताप आला होता. "खाणावळ ते! कोण कोणासाठी थांबते तिथं?"

"आता समजते मास्तर. तवा नाई समजलं." तो अगदी शांतपणे म्हणाला. "त्या दिवशी तिच्या पोटावर सुरी चालनार होती. त्याच दिवशी पंगत मोडू? उठलो असतो अन् मंग थे मेली असती, त मी सोताले काय सांगतलं असतं?"

 

शेवटी खाणावळीच्या मालकानंच त्याला उठवलं. बुवा, तीन वेळा जेवलात, आता जागा द्या. दोन्ही ओळींतली माणसं हसली. बाहेर आला तर त्याची सावली पायाशी नव्हती, चांगली दोन-तीन हात पुढं गेली होती. तो धावत सुटला. भरल्या पोटानं, वाटेत दोनदा ओकत तो दवाखान्यात पोचला.

खाट रिकामी होती. प्रभावतीबाई आपल्या खाटेवर उठून बसली होती आणि रडत होती. तिनं सांगितलं, दोनाला न्यायला माणसं आली. दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं काढतात. नर्सबाईनं रुपीबाईच्या बलिया उतरवायला घेतल्या. ती आधी समजली नाही. मग समजली. तिनं दोन्ही दंड छातीशी आवळून धरले आणि दाराकडं पाहत काहीतरी बोलायला लागली, एकच एक वाक्य, पुन्हा पुन्हा. नर्सबाईनं वॉर्डभर विचारलं, कोणाला हिची भाषा येते का हो? बाहेर माणूस पाठवून डोंगरसिंगला हाका मारल्या. कोणी नव्हतं. नर्सबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, समजूत घातली, पण ती समजूत मराठीत होती. शेवटी बलिया निघाल्या. त्या निघाल्यावर रुपीबाई एकदम गप्प झाली. पुढं तिनं काही त्रास दिला नाही, दाराकडंही पाहिलं नाही. आपण होऊन गाडीवर आडवी झाली, असं प्रभावतीबाई म्हणाली.

ती शुद्धीवर आलीच नाही. दिवस मावळायच्या आत गेली.

"बलिया उतरोल्या, अन् मी दारात नाई," डोंगरसिंग म्हणाला. "मास्तर, थे काय समजली असन?"

त्यानं प्रभावतीबाईला विचारलं होतं, ती काय म्हणत होती ते नुसतं तोंडानं काढून दाखवा, शब्द कसेही येऊ द्या, मी ओळखीन. बिचारीनं प्रयत्न केला. तिला काही जमलं नाही. गेली सात वर्षं तो ज्याच्या-त्याच्याबरोबर नागपूरला येत होता, तो त्या दिवसापासून. येतो, घरच्या माणसाला स्वस्त आणि पोटभर कुठं मिळतं ते सांगून जेवायला धाडतो, आणि आपण खाटेशेजारी बसतो.

मी त्याची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी उठून तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढं ठेवलं. मास्तर लोकांना माफी मागता येत नाही.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांना बरं वाटत होतं. चहा घेतला, पेपरमधलं वाचून दाखवायला लावलं. मी मद्राशाकडं गेलो. डोंगरसिंगनं सांगितल्याप्रमाणं सांबार दोनदा मागितलं. परतायला मला अर्धा तास लागला असेल, त्याहून जास्त नाही.

डोंगरसिंग वॉर्डाच्या दारात उभा होता. खाटेशेजारी नव्हता, यावरूनच मला कळलं. मी आत धावलो तर त्यानं माझा दंड धरला. एवढ्या काटकुळ्या माणसाच्या हातात इतका जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आंधी आयका," तो म्हणाला. "बाबाले एकदम धाप लागली. डॉक्टर आला, सुई देल्ली. तवा बाबा बोलले थे मी सांगतो. मास्तर जेवाले गेला का, म्हणे. मी म्हनलं, हो, गेले. बरं झालं, म्हणे. मंग म्हनले, कोकिळेले दिवाळीले आणजा, अवंदा तिच्या सासरचे नाई म्हनले तरी आणजा. मंग म्हनले, धुऱ्यावरची बाभूळ तोडू नोको. मी इचारलं, आणखी काई हाये का बाबा? त्यायनं मान हालोली. पाणी मांगतलं. म्या देल्लं, दोन घोट गेलं. बस. याच्याउप्पर काई बोलले नाई. मी तोंडापाशी कान नेऊन बसलो होतो."

मी हुंदका दिला आणि आत जाऊ लागलो. त्यानं दंड सोडला नाही.

"म्हनून दाखवा."

"काय?"

"बाबा बोलले थे. आत जासान, रडसान, अन् अर्धं इसरसान. आंधी म्हनून दाखवा."

लोक येत-जात होते. दवाखान्याच्या त्या दारात उभं राहून मी बाबांचं बोलणं पहिल्यापासून म्हणून दाखवलं. माझ्या बहिणीचं, कोकिळेचं म्हटलं, शेताच्या बांधावरच्या बाभळीचं म्हटलं. मी जेवायला गेलोय हे ऐकून ते बरं झालं म्हणाले, तेवढं माझ्याकडून राहिलं. त्यानं ते मला सांगितलं आणि मी पुन्हा सुरुवातीपासून सगळं म्हणेपर्यंत थांबला. मग त्यानं माझा दंड सोडला.